टाइमशेअरला गिऱ्हाईक तयार आहे, असा फोन येतो तेव्हा

गोव्यातला टाइमशेअर विकायला काढला की पहिला फोन बहुधा ग्राहकाचा नसतोच. तो असतो "तुमच्या सभासदत्वाला गिऱ्हाईक तयार आहे" असे सांगणाऱ्या मध्यस्थाचा, आणि त्या मध्यस्थाला तुमचा टाइमशेअर विकण्यात काडीचाही रस नसतो. त्याला हवी असते ती विक्रीपूर्वी भरावी लागते म्हणून सांगितलेली फी. कळंगुटच्या बाजूला एका रिसॉर्टमध्ये सभासदांचे दप्तर सांभाळण्याचे काम मी बरीच वर्षे केले आणि आता म्हापशात बसून लोकांचे अर्ज, करारनामे आणि तक्रारी लिहून देतो. त्यामुळे ही फसवणूक मला दोन्ही बाजूंनी पाहायला मिळाली आहे आणि तिच्यातले डावपेच एकदा नीट मांडून ठेवावेत असे वाटते.

टाइमशेअर म्हणजे एखाद्या रिसॉर्टमध्ये दरवर्षी ठरावीक दिवस, बहुधा एक आठवडा, राहण्याचा हक्क. कळंगुट, बागा, कांदोळीच्या रस्त्यांवर आणि दक्षिणेला कोलवा-बाणावलीच्या पट्ट्यात पर्यटकांच्या हाती स्क्रॅच कार्ड देणारी पोरे कित्येकांनी पाहिली असतील. कार्डावर हमखास बक्षीस निघते, ते घ्यायला टॅक्सीने रिसॉर्टवर नेले जाते, आणि तिथे चहा-सरबतासोबत दोन-तीन तास योजना समजावली जाते. ही पोरे मुख्यतः परगावच्यांनाच गाठत असली, तरी टाइमशेअर घेणाऱ्यांत गोयकारही कमी नव्हते. गोव्याचा आठवडा विनिमयात देऊन दुसरीकडे फिरायला जाता येते, असे त्यांना सांगितलेले असे. विनिमयाची ही सोय खरी आहे. आरसीआय ही अमेरिकन कंपनी १९७४ पासून तेच करते. मात्र मे महिन्यात किंवा नाताळात हवी ती जागा मिळत नाही, दरवर्षी भरायचे मेंटेनन्स शुल्क वाढतच जाते, मुले पुण्याला किंवा परदेशी स्थायिक होतात, आणि मग पासष्टीच्या आसपास पोचलेला सभासद हे ओझे उतरवायच्या मागे लागतो. भामट्यांचे गिऱ्हाईक असते ते हेच.

फोन करणाऱ्याला तुमचे नाव, रिसॉर्टचे नाव, अनेकदा सभासद क्रमांक आणि तुम्ही मुळात किती पैसे भरले होते हेही माहीत असते, आणि लोक फसतात ते नेमके इथे. "एवढे सगळे ठाऊक आहे म्हणजे माणूस कंपनीचाच असणार" हा तर्क मी असंख्य वेळा ऐकला आहे. प्रत्यक्षात सभासदांच्या याद्या ही या धंद्यात हातोहात फिरणारी वस्तू आहे. विक्री विभागातली माणसे एका रिसॉर्टमधून दुसऱ्यात जातात तेव्हा यादी सोबत नेतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. तुम्ही स्वतः एखाद्या संकेतस्थळावर जाहिरात टाकली असेल, तर बाकीची माहिती तुम्हीच पुरवलेली असते. तेव्हा समोरच्याला आपली माहिती आहे यावरून फक्त एवढेच सिद्ध होते की त्याच्याकडे यादी आहे.

डिचोलीचे एक निवृत्त मास्तर अशा एका मध्यस्थाचे पत्र घेऊन माझ्याकडे आले होते. पैसे अजून भरलेले नव्हते. बँकेत जाण्यापूर्वी "एकदा नजर घाल रे" एवढ्यासाठीच ते आले. पत्राचा कागद जाड, वर सोनेरी बोधचिन्ह, खाली गोल शिक्का आणि पत्ता पणजीच्या पाटो भागातला. मजकूर असा होता की एका कॉर्पोरेट ग्राहकाला कर्मचाऱ्यांसाठी गोव्यातले आठवडे हवे आहेत, मास्तरांच्या सभासदत्वाचे ३,४०,००० रुपये देण्याचे ठरले आहे, आणि ही रक्कम सोडवण्यासाठी ना-हरकत दाखल्याचे शुल्क व जीएसटी मिळून १८,५०० रुपये तीन दिवसांत भरायचे आहेत, जे नंतर पूर्ण परत मिळतील. मी पत्राच्या तळाशी असलेला जीएसटी क्रमांक पाहिला. हा क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. त्यातले पहिले दोन आकडे राज्याचे आणि पुढची दहा अक्षरे नोंदणीधारकाच्या पॅनची. गोव्याचा आकडा ३०, महाराष्ट्राचा २७, दिल्लीचा ०७. पाटोमध्ये कार्यालय थाटून बसलेल्या या संस्थेचा क्रमांक ०७ ने सुरू होत होता. जीएसटीच्या संकेतस्थळावर तोच क्रमांक घालून पाहिला तेव्हा तो कपड्यांच्या एका दुकानाच्या नावावर निघाला. पैसे भरायचे खाते मात्र ना त्या संस्थेचे होते ना त्या दुकानाचे. ते एका व्यक्तीचे बचत खाते होते. मास्तरांनी पत्राची घडी घातली आणि "माझ्या विद्यार्थ्यांची शुद्धलेखने याहून बरी असायची" एवढेच म्हणाले.

पत्र खोटे आहे हे जीएसटी क्रमांकावरून कळले खरे. पण तो क्रमांक बिनचूक असता तरी माझे मत बदलले नसते, कारण मागणीच मुळात उलटी होती. विक्रीत पैसे विकत घेणाऱ्याकडून विकणाऱ्याकडे येतात. अशा पत्रांत आणि फोनवर टीडीएस, जीएसटी, मुद्रांक शुल्क, रिझर्व्ह बँकेचे शुल्क अशी नाना कारणे पुढे केली जातात. टीडीएस हा तर देणाऱ्याने रक्कम देताना कापून घ्यायचा कर आहे. तो विकणाऱ्याने आधी भरावा आणि मग त्याला मोबदला मिळावा, अशी रचना आयकर कायद्यात कुठेही नाही. मध्यस्थाच्या दलालीवर जीएसटी लागत असेल तर तो दलालीच्या बिलात येईल, आणि दलाली व्यवहार झाल्यावर, हाती आलेल्या रकमेतून देता येते. मुद्रांक शुल्काचा खर्च करारात वेगळे ठरले नसेल तर विकत घेणाराच सोसतो. शिवाय आपल्याकडच्या बहुतेक टाइमशेअरमध्ये सभासदाला खोलीची मालकी मिळत नाही, वापराचा हक्क मिळतो, आणि त्याचे हस्तांतर कंपनीच्या नोंदवहीत नाव बदलून होते. अशा वेळी "सब-रजिस्ट्रारकडे नोंदणीचे पैसे भरा" असे कोणी सांगू लागला, तर आधी स्वतःचा करारनामा उघडून आपल्याकडे नेमके काय आहे ते वाचावे. राहता राहिली रिझर्व्ह बँक. तिच्या नावाची, अशोकस्तंभ छापलेली पत्रे या धंद्यात सर्रास वापरली जातात. रिझर्व्ह बँक टाइमशेअरच्या विक्रीची रक्कम अडवून धरत नाही आणि ती सोडवण्यासाठी कुणाकडे शुल्कही मागत नाही.

नंतर परत मिळेल म्हणून सांगितलेल्या या शुल्काला लोक भुलतात त्यामागे हव्यासच असतो असे मला वाटत नाही. पंचवीस वर्षांच्या सभासदत्वासाठी अडीच-तीन लाख मोजलेल्या माणसाच्या मनात ती रक्कम अजून जिवंत असते, आणि ती परत मिळेल असे म्हणणारा फोन हा त्याला आपल्या जुन्या निर्णयाचे समर्थन वाटतो. बाजाराचे गणित मात्र कठोर आहे. वापरायची वर्षे घटत जातात, मेंटेनन्स वाढत जाते, आणि नवे सभासदत्व विकताना विक्री-खर्चापोटी लावलेली मोठी रक्कम पुनर्विक्रीत कुणीच देत नाही. म्हणून दिलेल्या किमतीच्या अल्पशा भागात टाइमशेअर गेला तर तो बरा गेला असे मी समजतो, आणि मूळ किमतीपेक्षा जास्त देऊ करणारा फोन आला की त्याच वाक्याला संभाषण संपवावे असे सुचवतो. कोणी भोळेपणाने जास्त किंमत देऊ करत असेल अशी शक्यता मी तरी आजवर खरी झालेली पाहिली नाही.

ही पद्धत गोव्यात जन्मलेली नाही. मेक्सिकोतील किनाऱ्यावरच्या रिसॉर्टमध्ये टाइमशेअर घेतलेल्या अमेरिकन म्हाताऱ्यांना तिथली हालिस्को ही अमली पदार्थांचा धंदा करणारी टोळी कॉल सेंटरमधून असेच फोन करते. आधी कर, मग बँकेचे शुल्क, मग दंड, असे करत पैसे उकळते. २०२४ च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या अर्थखात्याने आणि एफबीआयने मिळून याबाबत बँकांना सावधगिरीची सूचना काढली. एफबीआयच्या माहितीप्रमाणे २०१९ ते २०२३ या काळात सुमारे ६,००० अमेरिकनांनी मेक्सिकोतील टाइमशेअरच्या अशा फसवणुकीत एकूण जवळपास ३० कोटी डॉलर गमावल्याची नोंद केली. युरोपने या दुखण्यावर कायद्याचा उपाय केला आहे. युरोपीय संघाच्या २००८/१२२ क्रमांकाच्या निर्देशानुसार टाइमशेअरच्या पुनर्विक्रीसाठी मध्यस्थाला विक्री प्रत्यक्ष होण्यापूर्वी, किंवा करार अन्य रीतीने संपण्यापूर्वी, कोणतेही पैसे घेता येत नाहीत. भारतात टाइमशेअरसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही, त्यामुळे असा सरळ निषेध आपल्या पदरी नाही. पण युरोपचा हा नियम आपण घरच्या घरी स्वतःला लावून घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही.

फोन आल्यावर पहिली खात्री रिसॉर्टच्या कार्यालयाकडूनच करावी, आणि तीही फोन करणाऱ्याने दिलेल्या क्रमांकावर नव्हे तर जुन्या पावतीवर छापलेल्या क्रमांकावर. "अमुक संस्थेला आमच्या सभासदत्वाच्या विक्रीसाठी तुम्ही नेमले आहे का, आणि हस्तांतराचे शुल्क किती व ते कोणी भरायचे" एवढे दोनच प्रश्न ईमेलने विचारावेत, म्हणजे उत्तर लेखी मिळते. मध्यस्थ स्वतःला कंपनी म्हणवत असेल, तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिची नोंद पाहावी. कंपनीच्या एकवीस अक्षरी ओळख क्रमांकातच तिच्या स्थापनेचे वर्ष असते. "आम्ही वीस वर्षे या व्यवसायात आहोत" म्हणणाऱ्या कंपनीच्या क्रमांकात गेल्या वर्षाचा आकडा दिसला, तर पुढे काही विचारायची गरज राहत नाही. पत्ता गोव्यातला असेल तर जाऊन यावे. म्हापशाहून पणजीला जायला अर्धा-पाऊण तास लागतो, पर्वरीला खोळंबा असेल तर थोडा जास्त, आणि तेवढ्या वेळात अनेक कार्यालये अस्तित्वातच नाहीत हे कळते.

पैशाची देवघेव सुरू झाली की तांत्रिक युक्त्या सुरू होतात. "टोकन पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका" असे सांगितले जाते. यूपीआयवर पैसे घेताना पिन टाकावाच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. डिमांड ड्राफ्टचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवणे हा त्याहून जुना प्रकार आहे. फोटोतला ड्राफ्ट हा ड्राफ्ट नव्हे. खरा हाती आला तरी तो ज्या शाखेने काढला तिथे विचारून खात्री करता येते. कोणी "फॉर्म भरायला मदत करतो" म्हणून मोबाइलवर एनीडेस्कसारखे, दुसऱ्याला आपला फोन दुरून पाहू-चालवू देणारे ॲप उतरवून घ्यायला सांगितले तर फोन ठेवावा. या ॲपच्या गैरवापराबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. आधार द्यायचेच झाले तर आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून मिळणारी, पहिले आठ आकडे झाकलेली प्रत द्यावी आणि कागदावर आडवे लिहावे की ती कोणाला व कशासाठी दिली.

काही मंडळी फोनवर पैसे मागत नाहीत, आणि मला ती अधिक हुशार वाटतात. ती तुम्हाला पणजीतल्या किंवा मडगावातल्या एखाद्या बऱ्या हॉटेलात जेवायला बोलावतात. तिथे जुना टाइमशेअर "आमच्याकडे जमा" करून नवे पॉइंट्स किंवा नवा हॉलिडे क्लब घेण्याचा प्रस्ताव येतो, वरचा फरक तेवढा भरायचा असतो. विकायला गेलेला माणूस दुसरे सभासदत्व घेऊन घरी येतो, आणि जुने त्याच्या नावावर तसेच राहते. दुसरा प्रकार कुलमुखत्यारपत्राचा. "सही तेवढी करा, बाकी आम्ही बघतो" म्हणून मुद्रांक कागदावर आणि कोऱ्या हस्तांतर अर्जावर सह्या घेतल्या जातात, सभासदत्वातून सुटका करून देण्याची फी घेतली जाते, आणि कंपनीच्या नोंदवहीत नाव मात्र बदलत नाही. दोन वर्षांनी थकीत मेंटेनन्सची नोटीस येते तेव्हा ती मूळ सभासदाच्याच दारात येते. कोऱ्या अर्जावर सही कधीही करू नये, आणि मुखत्यारपत्र द्यायचेच झाले तर ते नात्यातल्या किंवा पूर्ण विश्वासातल्या माणसालाच द्यावे.

एकदा पैसे गेले की प्रकरण संपत नाही. काही महिन्यांनी वकील, ग्राहक न्यायालयाचे अधिकारी किंवा दिल्लीच्या सायबर शाखेचे पोलीस म्हणवणाऱ्यांचे फोन येतात: तुम्हाला फसवणारी टोळी पकडली, तुमची भरपाई मंजूर झाली, फक्त अमुक शुल्क भरा. ही बहुधा तीच माणसे असतात, किंवा ज्यांना त्यांनी "पैसे भरलेल्यांची" वेगळी, अधिक महागडी यादी विकली ती. न्यायालय किंवा ग्राहक आयोग फोनवरून शुल्क वसूल करत नाही.

पैसे पाठवून झाल्यावर शंका आली तर त्याच तासात १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी ती गोठवली गेली तरच मिळण्याची आशा असते, म्हणून लाजेपोटी घरच्यांपासून लपवण्यात घालवलेली रात्र फार महाग पडते. बँकेलाही लगेच लेखी कळवावे. मात्र एक गोष्ट स्पष्ट असावी: आपल्या संमतीविना खात्यातून पैसे गेले तर ग्राहकाची जबाबदारी मर्यादित ठेवणारा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे, पण आपण स्वतः पिन टाकून पाठवलेले पैसे त्यात सहजासहजी बसत नाहीत. पोलिसांत तक्रार देताना भारतीय न्याय संहितेचे फसवणुकीचे कलम ३१८ लागू होते; १ जुलै २०२४ पूर्वीच्या प्रकारांना जुने कलम ४२०. गुन्हा आमच्या हद्दीतला नाही असे म्हणून परत पाठवले, तर हद्दीचा विचार न करता गुन्हा नोंदवण्याची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे, हे नम्रपणे सांगावे.

समोर खरी, नोंदणीकृत, पत्ता असलेली संस्था असेल आणि तिने फी घेऊन काम केले नसेल, तर ग्राहक आयोगाचा रस्ता उपयोगी पडतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दावा लावता येतो. मध्यस्थ दिल्लीचा असला तरी गोव्यातल्या माणसाला दिल्ली गाठावी लागत नाही. मोजलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर आयोगाचे शुल्क नाही, आणि मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकून पाहावी. अनेक कंपन्या तेवढ्याने पत्राला उत्तर देऊ लागतात. पळून गेलेल्या भामट्याविरुद्ध आयोगाचा आदेश मिळवून तो बजावायचा कोणाला, हा प्रश्न उरतोच, आणि तिथे मी लोकांना खोटी आशा दाखवत नाही.

खरी विक्री होते ती फारच साधेपणाने. करारनाम्यातले हस्तांतराचे कलम वाचायचे, मेंटेनन्सची थकबाकी शून्य करून तसे पत्र घ्यायचे, आणि ग्राहक शक्यतो ओळखीतला, त्याच रिसॉर्टमध्ये राहून गेलेला किंवा तिथला दुसरा सभासद शोधायचा. दोघांनी मिळून कंपनीच्या कार्यालयात जायचे, रक्कम आपल्या खात्यात जमा झाल्याचे स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये पाहायचे आणि मगच अर्जावर सही करायची. ग्राहक मिळत नसेल तर भावंडांना किंवा भाच्यांना नाममात्र मोबदल्यात देणे, अथवा करारात मनाई नसेल तर आपला आठवडा दुसऱ्याला वापरायला देऊन मेंटेनन्स भरून काढणे, हेही चालते. तेही जमत नसेल तर कंपनीला सभासदत्व परत करण्याचा अर्ज पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवावा. पैसे मिळणार नाहीत, किंवा अगदीच थोडे मिळतील, पण दरवर्षीचे बिल थांबते. कंपनीचे उत्तर येईपर्यंत मेंटेनन्स चालूच राहते, म्हणून सहा-सहा महिने गप्प न बसता दर महिन्याला स्मरणपत्र धाडावे. स्वीकृतीच्या पत्रात सभासद क्रमांक, समाप्तीची तारीख आणि "कोणतीही बाकी नाही" हे तिन्ही असल्याशिवाय प्रकरण मिटले असे धरू नये. ते पत्र घराच्या कागदपत्रांसोबत ठेवावे आणि मुलांना दाखवून ठेवावे, कारण आपले नाव त्या जुन्या याद्यांतून निघत नाही. थकबाकीच्या नावाने फोन नंतरही येत राहतात आणि तेव्हा तो उचलणारे कदाचित आपण नसू.